एका हाताचा मेजर आणि दहा महिन्यांचा शिधा

जॉन वेस्ली पॉवेल या माणसावर युनिव्हर्सिटी कधीही प्रश्न विचारणार नाही, तेव्हा हा लेख वाचून एकही मार्क वाढणार नाही हे आधीच सांगून टाकते. पण ज्याचा उजवा हात कोपराखाली तुटलेला होता अशा या माणसाने १८६९ साली चार लाकडी होड्या आणि नऊ माणसं बरोबर घेतली आणि अमेरिकेतल्या ग्रीन आणि कोलोरॅडो या नद्यांच्या घळींमधून सुमारे हजार मैल प्रवास केला. तेव्हाच्या नकाशावर तो भाग चक्क कोरा होता. आपल्या हॉस्टेलवर एक दिवसाची ट्रिप ठरायला जो महिना लागतो आणि शेवटी निघतात ते तिघंच, ते बघता मला हा माणूस भलताच आवडून गेला.

कॅन्यनला मराठीत काय म्हणायचं इथेच मी पहिल्यांदा अडकले. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढल्यावर असं होतंच. भूगोलाच्या मराठी पुस्तकात घळई असं दिलंय, पण आजीने एका सेकंदात सांगितलं, अगं घळ म्हण की, आपली शिवथरघळ नाही का. तर घळ. फरक इतकाच की आपल्या महाडजवळची घळ पावसाने भिजलेली, आणि ही वाळवंटातली. वर झाड नाही, गाव नाही, आणि खाली तळाशी मात्र धो धो नदी. तिच्यातली सगळ्यात मोठी घळ म्हणजे ग्रँड कॅन्यन, नदीच्या मार्गाने मोजली तर ४४६ किलोमीटर लांब आणि जवळजवळ दीड किलोमीटर खोल.

या माणसापर्यंत मी पोचले ती एका यादीमुळे. मी पोलादपूरची. आमच्या विंगमधल्या चौघींच्या डोक्यात आलं की सावित्रीतून कयाकने जायचं, पोलादपूर ते महाड आणि तिथून पुढे दासगावपर्यंत. (कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी, वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं.) शिधा आणि सामानाची यादी माझ्या गळ्यात पडली, कारण मेस कमिटीवर मी आहे! नदीतून अनेक दिवसांची ट्रिप कशी आखतात ते शोधत गेले तर जिकडे तिकडे कोलोरॅडो नदी, आणि तिच्या प्रत्येक हकिगतीच्या मुळाशी हा एक हाताचा मेजर.

पॉवेलचा जन्म २४ मार्च १८३४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या माउंट मॉरिस गावचा. वडील इंग्लंडहून आलेले मेथडिस्ट धर्मोपदेशक, गुलामगिरीच्या कडक विरोधात. पुढे ओहायोतल्या जॅक्सन गावात राहायला गेल्यावर त्याची शिक्षा मुलाला मिळाली, शाळेत पोरं त्याला दगड मारायची. शेवटी शाळा सुटली आणि शेजारच्या जॉर्ज क्रूकम नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्याला शिकवायला घेतलं. या शेतकऱ्याकडे स्वतःची लायब्ररी होती, दगड, झाडपाला, हाडं जमवलेली एक खोली होती, आणि वर्ग भरायचा तो रानात फिरताना. पुढे पॉवेलने तीन कॉलेजं केली पण डिग्री एकाही ठिकाणी पूर्ण केली नाही. (प्रिन्सिपल सरांनी हे वाक्य वाचू नये.) सुट्टीत मात्र तो एकटा होडी घेऊन नदीत उतरायचा. १८५६ मध्ये मिसिसिपीतून थेट समुद्रापर्यंत गेला, १८५७ मध्ये पिट्सबर्गपासून खाली ओहायो नदीतून. पुढे त्याने जे केलं त्याची तयारी कुठल्या क्लासमध्ये झाली असेल तर ती इथे.

१८६१ ला यादवी युद्ध पेटलं आणि तो उत्तरेकडच्या सैन्यात भरती झाला. तटबंदी आणि पुलांची कामं तो पुस्तकं वाचून शिकला, आणि जनरल ग्रँटच्या नजरेत भरला. ६ एप्रिल १८६२, शायलोची लढाई. तोफा डागायची खूण करायला त्याने उजवा हात वर केला आणि गोळी मनगटात शिरली. दोन दिवसांनी हात कापावा लागला. वय २८. तरीही तो परत सैन्यात गेला आणि मेजर होऊनच बाहेर पडला. तुटलेल्या हाताच्या नसा त्याला जन्मभर दुखत राहिल्या. एमा, त्याची बायको, युद्धातही त्याच्याबरोबर छावणीत राहायची. पुढे मुख्य होडीला तिचंच नाव दिलं गेलं.

युद्धानंतर तो इलिनॉयमध्ये भूगर्भशास्त्राचा प्रोफेसर झाला. १८६७ आणि ६८ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन रॉकी पर्वतात गेला. म्हणजे आपल्या इंडस्ट्रियल व्हिजिटसारखंच, पण खरं काम करून! १८६८ चा हिवाळा त्याने तिथेच, युट लोकांच्या शेजारी काढला, त्यांची भाषा थोडी शिकला आणि कड्यांवर चढून नदी जमेल तितकी वरून बघून घेतली.

आता प्लॅनिंग. आम्हां सिव्हिलवाल्यांना यातच खरी मजा आहे.

पॉवेलला काय माहीत होतं? सुरुवातीच्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत होती, कारण तिथे रेल्वे पोचली होती. खालच्या टोकाचीही साधारण माहीत होती. मधला उतार पाच हजार फुटांहून जास्त, अंतर हजार मैलांच्या आसपास. म्हणजे सरासरी मैलाला पाच फूट. ऐकायला काहीच नाही. पण सरासरी हा आकडा किती फसवा असतो ते सेमिस्टरच्या रिझल्टनंतर आपल्याला वेगळं सांगायला नको. टोटल हेड माहीत आहे पण ते कुठे कसं वाटलंय ते माहीत नाही, असा हा प्रॉब्लेम. पाचशे फुटांचा एखादा धबधबा मध्ये निघाला तर? दोन्ही बाजूंना उभे कडे, मागे प्रवाह वल्हवू देत नाही. सगळा खेळ खलास. यावर त्याचा तर्क भूगर्भशास्त्रज्ञाचा होता. नदीच्या पाण्यात इतका गाळ आणि वाळू आहे की तिने लाखो वर्षांत स्वतःचा तळ घासून काढला असणार, नायगारासारखी उभी पायरी उरली नसणार. अडथळे असतील, पण उतरता येतील असे. या एका अंदाजावर दहा माणसांचा जीव लावलेला होता.

आपल्या सावित्रीचा असाच हिशोब करून बघितला. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आणि तिथून बाणकोटला समुद्र सुमारे शंभर किलोमीटरवर. कोलोरॅडोने हजार मैलांत केलेलं काम सावित्री जवळजवळ तेवढ्यात तेवढंच, पण साठ-पासष्ट मैलांत उरकते! त्यातलाही बहुतेक उतार घाटातच संपतो. पोलादपूरपासून पुढे ती शहाण्यासारखी वाहते आणि महाडच्या खाली तर खाडीचं भरतीचं पाणी लागतं. उन्हाळ्यात पोलादपूरला गुडघाभर पाण्यात दगड मोजत चालता येतं. म्हणजे आमची अडचण पॉवेलच्या उलट निघाली. नदीचा प्रत्येक वळसा माहीत, पण होडी तरंगेल इतकं पाणी कधी असेल आणि ते किती तासांत दुप्पट होईल हेच माहीत नाही. त्याच्यावर पुढे येते.

होड्या त्याने शिकागोत बनवून घेतल्या. तीन ओकच्या, प्रत्येकी २१ फूट, आणि चौथी पाइनची १६ फुटी हलकी, ती एमा डीन. ती पुढे जाणार, पॉवेल तिच्यात उभा राहून धार बघणार आणि निशाण दाखवून मागच्यांना थांबा किंवा या सांगणार. प्रत्येक होडीला पुढे-मागे बंदिस्त कप्पे, पाणी भरलं तरी बुडणार नाही असे. रेल्वेने होड्या फुकट नेल्या. शिधा दहा महिन्यांचा घेतला, कारण हिवाळ्यात नदी गोठली तर घळीतच मुक्काम करायचा विचार होता. पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, सुकवलेली सफरचंदं, कॉफी. ग्रँटच्या ओळखीमुळे सैन्याच्या कोठारातून हा शिधा सुटला. बॅरोमीटर, सेक्स्टंट, क्रोनोमीटर वेगळे. आणि सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे प्रत्येक वस्तूचे भाग करून ते वेगवेगळ्या होड्यांत ठेवायचे ठरले, एक होडी गेली तर एखादी वस्तू पूर्ण जाऊ नये म्हणून.

चूक कुठे होती? होडीच्या बैठकीत. या होड्या बंदरात भरभर जाणाऱ्या जातीच्या. वल्हवणारे दोघंही मागे तोंड करून बसायचे, म्हणजे नदी जिकडे पडतेय तिकडे पाठ! आपण एसटीच्या ड्रायव्हरला मागच्या काचेकडे तोंड करून बसवलं तर जे होईल ते. १८९६ च्या सुमारास नॅथॅनिएल गॅलोवे नावाच्या फासेपारध्याने सपाट तळाची होडी केली आणि तोंड प्रवाहाच्या दिशेला केलं, आणि बरेचसे धोके निम्म्यावर आले. कयाकमध्ये तर माणूस पहिल्यापासून पुढेच बघतो. इतकी साधी गोष्ट, पण पॉवेलच्या लोकांच्या पाठीला डोळे नव्हते आणि अंगात लाइफ जॅकेटही नव्हतं. रबरी फुगवायचं एकच होतं, ते मेजरचं.

२४ मे १८६९ ला वायोमिंगमधल्या ग्रीन रिव्हर गावातून ही मंडळी निघाली. दहाही जण हौशे-गवशे. शिकारी, माजी सैनिक, एक छापखान्यातला, पॉवेलचा भाऊ वॉल्टर (शत्रूच्या कैदेतून डोक्यावर परिणाम होऊन सुटलेला), आणि अँडी हॉल नावाचा आपल्याच वयाचा पोरगा. होडीची खरी सवय एका ब्रॅडलीला.

पंधरा दिवसांनीच, ८ जूनला, नो नेम नावाची होडी निशाण चुकून पुढे गेली, धारेत सापडली आणि तिचे दोन तुकडे झाले. तिघं माणसं कशीबशी बेटावर लागली. शिध्याचा मोठा वाटा गेला. आणि वस्तू वाटून ठेवायच्या त्या सुंदर योजनेचं काय झालं? सगळेच्या सगळे बॅरोमीटर त्याच होडीत निघाले! कागदावर वाटले, भरताना एकत्र पडले. जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री चौघांचे ग्राफ एकाच्याच बॅगेत असतात, तसंच. बॅरोमीटर नाही तर उंची नाही, उंची नाही तर नकाशा नाही, मग इतक्या लांब यायचं कारणच उरत नाही. दुसऱ्या दिवशी फुटक्या होडीचा तुकडा खडकावर अडकलेला दिसला. दोघं जीव धोक्यात घालून तिथे गेले आणि बॅरोमीटर घेऊन आले. बरोबर व्हिस्कीचं एक पिंपही आणलं, जे मेजरच्या नकळत चढवलेलं होतं. मेजरने रागावायचं सोडून दिलं म्हणतात. त्या जागेचं नाव डिझास्टर फॉल्स पडलं. नो नेम ओरॅमल हाउलंडच्या ताब्यात होती, आणि निशाण दिलं की नाही यावरून त्याच्यात आणि पॉवेलमध्ये जी कटुता आली ती शेवटपर्यंत गेली नाही.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मोजमापासाठी पॉवेल एका कड्यावर चढत होता आणि अशा जागी अडकला की एका हाताने वरचा दगड पकडलेला, पाय चवड्यांवर, ना वर जाता येई ना खाली. हात सोडला तर खाली खोल दरी. ब्रॅडली वर पोचला होता, पण जवळ दोर नाही, फांदी नाही. त्याने सरळ आपली लांब आतली विजार काढली आणि खाली सोडली. पॉवेलने दगड सोडला आणि हवेत विजार पकडली! विज्ञानाच्या इतिहासात अंतर्वस्त्राचा इतका थोर उपयोग दुसरा नसेल.

जुलैमध्ये पहिला माणूस, गुडमन, रामराम करून गेला. पुढे शिधा बघता बघता आटत गेला. शिकार मिळेल हा हिशोब पार चुकला, कारण त्या कोरड्या घळीत जनावरंच नव्हती. पीठ भिजून गोळे झाले, मच्छरदाणीच्या कापडातून चाळून दोनशे पौंड फेकून द्यावं लागलं. मांस नासलं. दोर सरकून सोड्याचा डबा नदीत गेला, मग रोटीही फुगेना. ऑगस्टच्या मध्याला ग्रँड कॅन्यनमध्ये दहा महिन्यांच्या शिध्यातलं दहा दिवसांचं कुबट पीठ, थोडी सफरचंदं आणि भरपूर कॉफी एवढंच उरलं होतं. मेसच्या नावाने ओरडणाऱ्या सर्वांनी हे नीट वाचावं. २६ ऑगस्टला काठावर कुणा आदिवासींचा मळा दिसला, माणूस कोणी नव्हतं, तर यांनी डझनभर हिरवे भोपळे चोरले आणि पुढे जाऊन उकडून खाल्ले. वाळवंटात कुणाचा तरी हिवाळ्याचा शिधा तो. पॉवेलने ते लपवलं नाही, एवढं त्याच्या बाजूने.

आणि मग २७ ऑगस्ट. समोर असा एक उतार आला की बाजूने होडी उचलून न्यायला जागा नाही, दोर लावून सोडायला काठ नाही. रात्री जेवणानंतर ओरॅमल हाउलंड पॉवेलकडे आला. तो, त्याचा भाऊ सेनेका आणि बिल डन पुढे येणार नव्हते. बाजूच्या दरीतून वर चढून वस्ती गाठायची त्यांनी ठरवलं होतं, आणि पॉवेलनेही थांबावं असं त्याला वाटत होतं.

पॉवेलने सेक्स्टंट काढला, आपण कुठे आहोत ते ताऱ्यांवरून काढलं आणि वाळूत आकृती काढून हाउलंडला दाखवली. व्हर्जिन नदीचं तोंड, जिथे वस्ती आहे, सरळ रेषेत ४५ मैल. नदीने वळसे घेत गेलं तर ८०-९०. हाउलंड झोपला. पॉवेल रात्रभर वाळूत येरझाऱ्या घालत राहिला. थांबावं का, वर चढून जावं का, यावर त्याचंही मन डळमळलं होतं. एकेकाला उठवून विचारलं. पाच जण पुढे यायला तयार होते.

सकाळी एमा डीन तिथेच सोडली. चालवायला माणसंच नव्हती. स्वयंपाकी हॉकिन्सने तिघांसाठी खडकावर भाकऱ्या ठेवल्या. समनरने आपलं घड्याळ त्यांच्याजवळ दिलं, मी मेलो तर बहिणीला पोचवा म्हणून. दोन्ही बाजूंना वाटत होतं की समोरचे मरायला चाललेत. दोन होड्या त्या उतारात शिरल्या, आणि मिनिटा-दोन मिनिटांत पार झाल्या. वाटला होता तितका तो वाईट नव्हता. खाली थांबून यांनी बंदुका उडवल्या, सोडलेली होडी घेऊन मागून यावं म्हणून. कोणी आलं नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी कडे संपले, आकाश मोकळं झालं. ३० ऑगस्टला व्हर्जिनच्या तोंडाशी मासे पकडणारे मॉर्मन लोक भेटले. ते खरं तर यांच्या फुटक्या होडीचे अवशेष शोधत होते, कारण पेपरमध्ये मेल्याची बातमी आधीच छापून आलेली.

आणि वर चढून गेलेले ते तिघं परत कोणाला दिसले नाहीत. पुढच्या वर्षी पॉवेल स्वतः चौकशीला गेला तेव्हा शिव्विट्स लोकांनी कबूल केलं की दुसऱ्याच कोणी केलेल्या अत्याचाराचे गुन्हेगार समजून आम्ही त्यांना मारलं. काही अभ्यासक मॉर्मन वसाहतवाल्यांवर संशय घेतात. दोन दिवस आणखी नदीत काढले असते तर जगले असते, हे वाचताना आपल्याला सहज कळतं, कारण आपल्याला शेवट माहीत आहे. मला त्या तिघांना भित्रे म्हणवत नाही. वाळूतली आकृती सगळ्यांनी तीच बघितली होती, शिधा तोच होता. त्यांना नदीपेक्षा जमीन जास्त ओळखीची वाटली. पॉवेलच्या बाजूने मला एकच गोष्ट दिसते, त्याने त्यांना अडवलं नाही आणि पळपुटेही म्हटलं नाही.

१८७१ ला तो परत गेला, आणि या वेळी प्लॅन बदललेला होता. दहा महिन्यांचा शिधा होडीत नाही. मधल्या दीड वर्षात त्याने घळीत उतरायच्या वाटा शोधून ठेवल्या होत्या आणि ठरावीक ठिकाणी शिधा घोड्यांवरून आणून द्यायचा होता. तोही सगळा जमला नाही, एका ठिकाणी शिधा आणणारे भलत्याच नदीवर जाऊन पोचले! पण उपासमार टळली. पॉवेलसाठी होडीच्या फळीवर एक लाकडी खुर्ची पट्ट्याने बांधली होती, उंचावरून धार दिसावी म्हणून. फोटोग्राफर होते, मेव्हणा थॉम्पसन नकाशाचं काम करत होता, आणि चित्रं काढायला फ्रेडरिक डेलनबॉ नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. मात्र १८७५ मध्ये जो प्रसिद्ध अहवाल पॉवेलने लिहिला त्यात दुसऱ्या मोहिमेतले प्रसंग पहिल्या मोहिमेत घुसवले आणि दुसऱ्या वेळच्या माणसांची नावंच गाळली. ग्रुप प्रोजेक्टमध्ये एकट्याचं नाव लावणारे काही आपणच शोधून काढलेत असं नाही.

आता ग्रँड कॅन्यनमध्ये खाजगी ट्रिप न्यायची तर परमिटसाठी लॉटरी लागते, नंबर लागायला वर्षं जातात. दोन-तीन आठवड्यांचा प्रवास, कयाकवाले पुढे आणि शिधा-सामान मोठ्या रबरी राफ्टवर. प्रत्येक मैलाचा नकाशा मिळतो. शौचाचंसुद्धा सगळं डब्यात भरून परत आणायचं, घळीत काही सोडायचं नाही. पाणी वरच्या धरणातून सोडतात तसं येतं, आणि धरणाच्या तळातलं म्हणून वाळवंटातही हाडं गोठवणारं थंड. आपल्या कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग चालतं त्याचंही तंत्र तेच, सकाळी वरून पाणी सोडलं की नदी, नाहीतर नुसते दगड. सावित्रीवर असं कोणी ठरलेल्या वेळेला पाणी सोडत नाही. सावित्रीचं टाइमटेबल महाबळेश्वरला पडणारा पाऊस ठरवतो.

आणि इथे मला पॉवेलचं उरलेलं आयुष्य त्या प्रवासापेक्षाही जवळचं वाटायला लागलं. नदीतून बाहेर आल्यावर त्याच्या डोक्यात एकच विषय राहिला, पाणी किती आहे ते आधी मोजा. १८७८ मध्ये त्याने कोरड्या प्रदेशावर सरकारला अहवाल दिला. वर्षाला २० इंच, म्हणजे साधारण ५०० मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तिथे पाटाच्या पाण्याशिवाय शेती नाही, आणि सरकार सगळीकडे सारखेच १६० एकरांचे चौकोन वाटतंय ते चुकीचं आहे. पाटाखालची शेती असेल तर ८० एकर पुरे, नुसतं कुरण असेल तर २५६० लागतील. आणि हद्दी पट्टीने आखू नका, पाणी जिकडे वाहतं त्या खोऱ्याप्रमाणे आखा. १८८१ पासून तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा प्रमुख होता. त्याच्या काळात, जानेवारी १८८९ मध्ये, न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडोला रिओ ग्रांदे नदीवर त्या खात्याचं पहिलं प्रवाह मोजायचं केंद्र सुरू झालं. नुकतेच कॉलेजातून बाहेर पडलेले इंजिनिअर तिथे थंडीत तंबूत राहून नदीचा वेग कसा मोजायचा ते शिकले. साधनं तयार नव्हती, काही तिथेच बनवली. आपण हायड्रॉलिक्सच्या लॅबमध्ये करंट मीटर फिरवतो तेव्हा त्या पोरांची आठवण काढायला हरकत नाही.

सावित्रीकडे या नजरेने बघितलं तर काय दिसतं? उगम सातारा जिल्ह्यात, मधली नदी रायगडात, मुखाच्या एका काठाला रायगड आणि दुसऱ्याला रत्नागिरी. एक नदी, तीन जिल्हे. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. पॉवेलच्या रेषेवर वर्षभरात पडतो त्याहून जास्त, एका दिवसात! ते पाणी घाट उतरून आलं, महाडला गांधारी आणि काळ नद्याही भरलेल्या, खाली भरती. माझ्या मामाच्या घरी पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत चिखल होता, तो काढायला आम्ही आठवडाभर होतो. त्याच आठवड्यात तळिये गावावर डोंगर कोसळला. त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड आणि पोलादपूरच्या मधला इंग्रजांच्या काळातला दगडी कमानीचा पूल पुरात गेला आणि अंधारात दोन एसटी गाड्या माणसांसकट नदीत पडल्या. मी तेव्हा शाळेत होते. आमच्याकडे सावित्री हा विषय जेवताना हळू आवाजात निघतो.

म्हणून आमच्या यादीत शिधा खालच्या नंबरावर गेला. पहिला नंबर महाबळेश्वर आणि पोलादपूरचा रोजचा पाऊस. आम्ही या पावसाळ्यात फक्त तो लिहून ठेवतोय, आणि रोज ठरलेल्या वेळी पुलाच्या खांबावर पाणी कुठे आहे तेही. वर पाऊस पडल्यापासून किती तासांनी खांबावर पाणी चढतं ते कळल्याशिवाय कयाक भाड्याने घ्यायचा विषय नाही. दुसरा नंबर काठाने चालत जाऊन प्रत्येक दगडी पायरी बघणं आणि उतरून जायच्या जागा नकाशावर मांडणं. लाइफ जॅकेट चार, होड्या चार आणि फेकायचा दोर दोन होड्यांत वेगवेगळा, खरोखर वेगवेगळा. पावसाळा उतरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, नदीकाठच्या जाणत्या माणसांना विचारून. महाडच्या खालचा टप्पा तसा जुना रस्ताच आहे. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि मुंबईचे सत्याग्रही परिषदेसाठी याच खाडीतून बोटीने दासगावला उतरले आणि पुढे महाडला चालत गेले. आमच्यातल्या एकीचं म्हणणं आहे की पहिल्या वर्षी तेवढाच टप्पा करावा, भरतीचं टाइमटेबल निदान छापील मिळतं. अजून ठरलेलं नाही, भांडण चालू आहे.

पॉवेलचं मात्र कोणी ऐकलं नाही. १८८८ मध्ये काँग्रेसने पाणी आणि धरणांच्या जागा मोजायचं काम त्याला दिलं, पण मोजणी पूर्ण होईपर्यंत जमीनवाटप थांबलं म्हणून पश्चिमेकडचे सिनेटर चिडले आणि १८९० मध्ये पैसे बंद केले. १८९३ ला लॉस एंजेलिसच्या पाटबंधारे परिषदेत त्याने भर सभेत सांगितलं की आहे त्या जमिनीला पुरेल इतकं पाणी या प्रदेशात नाही. लोकांनी आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं. पुढच्या वर्षी त्याने खातं सोडलं आणि आदिवासींच्या भाषांचं जे कार्यालय तो १८७९ पासून चालवत होता त्यात शेवटची वर्षं काढली. २३ सप्टेंबर १९०२ ला मेन राज्यातल्या हेवन इथे तो गेला.

वीस वर्षांनी, १९२२ मध्ये, सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी आपसात वाटून घेतलं. हाताशी जी मोजणी होती ती नेमकी भरपूर पावसाच्या वर्षांची निघाली, त्यामुळे नदीत असतं त्याहून जास्त पाणी कागदावर वाटलं गेलं. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि जिला पॉवेलने स्वतः नाव दिलं होतं ती ग्लेन कॅन्यनची घळ पाण्याखाली गेली. त्या तलावाला नाव दिलं लेक पॉवेल. २०२३ च्या सुरुवातीला तो तलाव भरल्यापासूनच्या सगळ्यात खालच्या पातळीला गेला होता, आणि त्याच्या होड्या जिथून गेल्या त्या घळीच्या काही भिंती साठ वर्षांनी परत उघड्या पडल्या.